ताप गेला, पण सांधे का दुखतात? बार्शीच्या १९७३ च्या साथीपासून आपल्या आईच्या बोटांपर्यंत

हा मागच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जिथे जिथे मी "म्हणजे, म्हणजे" करत अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये नेटवर्क जातं म्हणून ऐकण्याऐवजी वाचणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी.

विषय एका व्हॉइस नोटमधून आला. अक्कलकोट रोडला राहणारा आपला एक श्रोता विचारतो, "दादा, आईला चिकुनगुनिया झाला होता. ताप चार दिवसांत उतरला. पण तीन महिने झाले, सकाळी उठल्यावर तिची बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. व्हायरस अजून आत बसलाय का? आणि तिला हे परत होईल का?"

दोन प्रश्न आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी जातं: आपल्या इम्यून सिस्टीमकडे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या घरातच सापडलं, म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो.

माझी आज्जी बार्शीची. २००६ साली आमच्या सोलापूरच्या घरात आई, बाबा, काका आणि मी असे चौघं एकाच आठवड्यात आडवे झालो. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचे हे मला अजून आठवतं. एकटी आज्जी ठणठणीत. ती मऊ भात करायची, कपाळावर पट्ट्या ठेवायची, आणि म्हणायची, "मला कशाला होतंय? माझं होऊन गेलंय की बार्शीला." आम्ही हसायचो. म्हातारं माणूस, बोलतंय काहीतरी.

खूप वर्षांनी मी कंटाळून असंच वाचत बसलो होतो आणि मला दिसलं की आज्जी जे म्हणत होती त्याची थेट वैद्यकीय इतिहासात नोंद आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी, म्हणजे १९७८ नंतर ज्याला आपण एनआयव्ही म्हणतो त्या संस्थेने, तिचा अभ्यास केला. दर शंभर माणसांत साधारण ३७ आजारी पडले होते. गल्लीतल्या प्रत्येक घरात किमान एक तरी अंथरुणात, असं धरा. त्याआधी हा आजार १९६३ ला कोलकात्यात आला, मग चेन्नई, नागपूर असं करत फिरला. आणि बार्शीनंतर जवळपास ३२ वर्षं भारतात त्याची मोठी साथच नाही. चिकुनगुनियावरचा भारतातला कुठलाही पेपर उघडा, सुरुवातीलाच "बार्शी, १९७३" भेटतं. भगवंताच्या मंदिरासाठी आणि त्या जुन्या छोट्या रेल्वेसाठी आपलं बार्शी प्रसिद्ध आहे, त्यात हेही एक.

आता आज्जी बरोबर का होती ते बघू. त्यासाठी डास चावल्यापासून सुरुवात करावी लागेल.

डास म्हणजे एडिस. दिवसा चावणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे बॅरल, हौद, टाकी भरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि हा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी चावते तेव्हा थुंकीबरोबर व्हायरस कातडीत सोडते. त्याचा सगळा प्रोग्राम किती मोठा आहे माहितीये? साधारण ११,८०० अक्षरं. टेक्स्ट फाइल केली तर १२ केबी. तुमच्या काकांनी सकाळी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. आणि हा कोड आरएनएमध्ये लिहिलेला असतो, तोही असा की कंपाइल करायचीही गरज नाही. पेशीत शिरला की पेशीची स्वतःची यंत्रणा तो थेट रन करायला लागते आणि व्हायरसचे भाग बनवायला लागते.

पण स्वतःच्या कॉप्या काढताना व्हायरसला एक गोष्ट टाळता येत नाही. मधल्या टप्प्यावर आरएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटून लांबलचक दुहेरी धागा तयार होतो. आपल्या पेशीच्या रोजच्या कामात इतका लांब दुहेरी आरएनए कधी येत नाही. पेशीत काही प्रोटीन कायम फिरत असतात ज्यांचं कामच हे शोधणं आहे. धागा दिसला की अलार्म. त्या अलार्मचं नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी त्याला हे नाव दिलं.

मला इंटरफेरॉन फार आवडतो, कारण तो व्हायरसला हातही लावत नाही. तो शेजाऱ्यांना सांगतो. नवी पेठेत काही गडबड झाली की पहिल्या दुकानाचं शटर पडतं आणि पाच मिनिटांत पूर्ण रस्ता बंद होतो, तसं. शेजारच्या पेशी प्रोटीन बनवण्याचं काम मंदावतात, परका आरएनए कापणारी एन्झाइम तयार ठेवतात. व्हायरस आत आलाच तर त्याला कारखाना बंद मिळतो. अर्थात व्हायरसही येडा नाही. चिकुनगुनियाचं एक प्रोटीन पेशीच्या केंद्रकात जाऊन तिची नवीन जीन्स वाचण्याची सोयच बंद पाडतं, म्हणजे अलार्मची वायरच कापतं. पहिले तीन-चार दिवस ही शर्यत चालते आणि बऱ्याचदा व्हायरस पुढे असतो.

तुम्हाला यातलं काय जाणवतं? फक्त ताप आणि अंगदुखी. आणि इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. ताप व्हायरस आणत नाही, ताप आपण आणतो. इम्यून पेशींनी सोडलेले सिग्नल मेंदूपर्यंत जातात, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, आणि मेंदू थर्मोस्टॅटचा आकडा ३७ वरून ३९ वर नेऊन ठेवतो. शरीर अजून ३७ वरच असतं, म्हणून मेंदूला वाटतं की आपण गार पडलोय. मग हुडहुडी भरते. मे महिन्यात बाहेर ४२ असताना आपली सोलापुरी चादर दुहेरी करून पांघरून कुडकुडणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याचा मेंदू दिलेल्या सेटिंगप्रमाणे बरोबर काम करतोय. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, आकडा परत खाली येतो, आणि घाम फुटतो. त्या गोळीने व्हायरस मरत नाही. तरी ती घ्यावी, कारण माणसाला पाणी प्यायला आणि झोपायला तरी जमलं पाहिजे.

आता दुसरी फौज. ही हळू आहे, पण हिच्याकडे नेम आहे.

कातडीतल्या काही पेशी व्हायरसचे तुकडे उचलून जवळच्या लिम्फ नोडमध्ये नेतात. जांघेत, काखेत, गळ्यापाशी ज्या गाठी सुजतात त्या याच. तिथे कोट्यवधी बी पेशी वाट बघत असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या आकाराचा रिसेप्टर असतो. हे आकार येतात कुठून? मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या जीन्सचे तुकडे प्रत्येक पेशी जन्मताना रँडम जोडते. चिकुनगुनिया नावाचं काही जगात आहे हे शरीराला माहीतच नसतं. ते आधीच अगणित किल्ल्या बनवून ठेवतं, यातली एखादी लागेल या हिशोबाने. आपल्या भाषेत, आधीच केलेला ब्रूट फोर्स. ज्या पेशीची किल्ली लागते ती भराभर विभागते. विभागताना तिच्या किल्लीत मुद्दाम छोट्या चुका होऊ दिल्या जातात आणि जी जास्त घट्ट बसते ती ठेवली जाते. ही सगळी भानगड तुम्ही अंथरुणात मोबाईल बघत असताना काखेतल्या गाठीत चालू असते.

याला वेळ लागतो. पहिल्या घाईची अँटिबॉडी, आयजीएम, रक्तात मोजता येईल इतकी व्हायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. त्यानंतर जास्त पक्की आयजीजी येते. अँटिबॉडी व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांना चिकटते आणि त्याला पेशीचं दारच उघडता येत नाही. चिकुनगुनिया रक्तातून हटवण्याचं मुख्य काम याच करतात.

हा पाच दिवसांचा हिशोब नुसता परीक्षेपुरता नाही, त्याने माझ्या मित्राची वाट लावली. गेल्या पावसाळ्यात त्याला शुक्रवारी ताप आला, शनिवारी एका लॅबमध्ये जाऊन त्याने स्वतःच्या मनाने आयजीएम टेस्ट केली. निगेटिव्ह. मला फोन: "निगेटिव्ह आलंय बे, साधा व्हायरल आहे." मग रविवारी दिवसभर गाडीवर फिरला, अंगदुखीसाठी मेडिकलमधून स्ट्राँग पेनकिलर घेतल्या. पुढच्या गुरुवारी मनगटं सुजून टम्म. परत टेस्ट, पॉझिटिव्ह. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी शरीरात अँटिबॉडी नसतातच, तर सापडणार काय? पहिल्या काही दिवसांत व्हायरसच शोधावा लागतो: चिकुनगुनियासाठी आरटीपीसीआर, डेंग्यूसाठी एनएस१. आयजीएमची वेळ पाचव्या दिवसानंतर. कोणती टेस्ट कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या आणि त्यांना "ताप नेमका कधी सुरू झाला" हे तारखेसकट सांगा. त्या एका तारखेवर रिपोर्टचा अर्थ बदलतो.

आणि ती पेनकिलर. तापात पहिल्या दिवसांत डेंग्यू की चिकुनगुनिया हे नुसतं बघून कळत नाही, डासही तोच. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलच, तेही प्रमाणात. मित्राचं नशीब की त्याला डेंग्यू नव्हता.

आता त्या श्रोत्याच्या आईची बोटं.

साधारण आठवड्यात रक्तातला व्हायरस संपतो, ताप जातो. पण या व्हायरसला सांध्याभोवतीच्या पेशी फार आवडतात. तो तिथे घुसलेला असतो, त्याच्या मागोमाग मॅक्रोफेज आणि टी पेशी तिथे पोचलेल्या असतात. सांधा म्हणजे अरुंद बोळ. तिथे एवढी गर्दी झाली, सगळे सूज आणणारी रसायनं सोडायला लागले, की बोटं सकाळी आखडणारच. उंदरांवरच्या प्रयोगात ज्यांच्यात मदतनीस टी पेशीच नव्हत्या, त्यांच्या शरीरात व्हायरस होता पण पायाची सूज कमी होती. म्हणजे सुजेचा मोठा वाटा आपल्याच फौजेचा.

मग व्हायरस आत नाहीच का? रियुनियन नावाचं हिंदी महासागरात एक बेट आहे. तिथे २००५-०६ मध्ये जवळजवळ एक तृतीयांश लोकांना चिकुनगुनिया झाला. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याचा तुकडा आजारानंतर दीड वर्षाने तपासला, तर तिथल्या मॅक्रोफेजमध्ये व्हायरसचा आरएनए सापडला. रक्तात काही नाही, सांध्यात अवशेष. त्यामुळे माझं उत्तर असं: आईच्या अंगात व्हायरस फिरत नाहीये, तिच्यापासून घरात कोणाला लागण होणार नाही. पण सांध्यात थोडा कचरा उरलेला असू शकतो आणि इम्यून सिस्टीम अजून त्यावर भुंकतेय. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढच्या, आधीच सांध्यांचा त्रास असलेल्या, किंवा सुरुवातीचा आजार फार जोरात झालेल्या लोकांत हे जास्त रेंगाळतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत कमी होतं, काहींचं वर्ष ओलांडतं. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण इतके दिवस टिकलेल्या सुजेचे उपचार वेगळे असतात आणि ते उपलब्ध आहेत. कोमट पाण्यात हात हलवणं, हलका व्यायाम चालू ठेवणं चांगलं. ओळखीच्या कोणीतरी दिलेल्या "एकदम आराम पडतो" छाप पुड्या नकोत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं औषध आहे.

यावरून एक आठवलं. दुकानात "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेल्या बाटल्या दिसतात ना? त्या काकूंच्या बोटांत जे चाललंय ते इम्युनिटीचंच काम आहे. अजून कशाला बूस्ट करताय?

बरं, दुसरा प्रश्न. परत होईल का? इथे आज्जी येते.

लढाई संपल्यावर बहुतेक बी पेशी मरतात, पण काही जणी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी बनवत राहतात. काही नुसत्या आठवण ठेवून फिरतात. ही आठवण किती टिकू शकते याचं माझं आवडतं उदाहरण गोवराचं आहे. फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर आला, मग ६५ वर्षं आलाच नाही. १८४६ ला परत आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकसंख्येतले ६,००० हून जास्त आजारी पडले. पीटर पॅनम नावाचा तरुण डॉक्टर तिथे गेला, आणि त्याने नोंदवलं की १७८१ मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही तो परत झाला नाही. लस नाही, औषध नाही, मधली ६५ वर्षं आठवण करून द्यायलाही कोणी नाही.

चिकुनगुनियाही या बाबतीत सरळ आहे. त्याचे वंश वेगवेगळे आहेत, पण अँटिबॉडीच्या नजरेला तो एकच दिसतो. १९७३ ला बार्शीत आलेला आशियाई वंशाचा होता. २००६ ला आला तो आफ्रिकी वंशाचा. त्या वर्षी देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. गंमत म्हणजे तो अचानक उगवला नव्हता. आपल्या पुणे-सोलापूर हायवेवर यवत लागतं ना, तिथे २००० साली पकडलेल्या डासांतून एनआयव्हीने जो व्हायरस वेगळा केला होता, तो नंतर तपासला तर याच आफ्रिकी वंशाचा निघाला. साथीच्या जवळजवळ सहा वर्षं आधी. सर्व्हर पडल्यावर जुना लॉग उघडला आणि त्यात एरर आधीपासूनच दिसली, असं आमच्याकडे नेहमी होतं.

तर २००६ मध्ये आमच्या घरात चार जण असे होते ज्यांच्या शरीराने हा व्हायरस आधी कधी पाहिला नव्हता, आणि एक अशी, जिच्या हाडांत बार्शीची ३३ वर्षांपूर्वीची आठवण होती. आता, तिला डास चावलाच नसेल असंही असू शकतं, १९७३ ला तिची कोणी रक्ततपासणी केली नव्हती, आणि एका आज्जीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण गावाच्या पातळीवर हेच गणित चालतं. साथीत ज्यांना होऊन जातं त्यांच्यामुळे डासाला पुढचा माणूस सापडेनासा होतो, साखळी तुटते. मग मुलं जन्मतात, बाहेरून लोक येतात, आठवण असलेली माणसं म्हातारी होऊन जातात. बार्शीच्या साथीनंतर जन्मलेला प्रत्येक जण २००६ ला कोरी पाटी होता. तर श्रोत्याच्या आईला चिकुनगुनिया परत होण्याची शक्यता फार कमी आहे.

फक्त हेच गणित डेंग्यूला लावू नका. लोक नेमकं तेच करतात: "मला होऊन गेलाय, आता काय होत नाही." डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून तुम्ही सुरक्षित. दुसऱ्या प्रकाराचा व्हायरस आला की जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण त्याचं तोंड नीट बंद करत नाहीत. आणि मॅक्रोफेज तर अँटिबॉडी चिकटलेली कुठलीही वस्तू उचलून आत घेतो. झालं, व्हायरसला ज्या पेशीत वाढायचंय तिचं दार त्याला आपल्याच माणसाच्या ओळखीने उघडून मिळतं. म्हणून दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा धोक्याचा ठरू शकतो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची एक लस दिली गेली. २०१७ च्या शेवटी कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात या लसीनंतर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. शरीराने लसीलाच पहिला डेंग्यू समजून आठवण ठेवली होती.

म्हणून डेंग्यू होऊन गेलेल्यांनी पुढच्या तापात जास्त सावध राहायचं. आणि ताप उतरला म्हणून गाफील व्हायचं नाही, डेंग्यूत धोक्याचे दिवस बऱ्याचदा ताप उतरतानाच येतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

तो श्रोता आईला पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतोय, काय म्हणाले ते कळवणार आहे. आणि तुमच्या घरात बार्शीची १९७३ ची साथ आठवणारं कोणी असेल तर त्यांच्या आवाजात दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. २००६ ला ते आजारी पडले होते का, एवढं मात्र नक्की विचारा.